नऊ हजार नऊशे नव्वद, आणि एक पंखा

परवा रात्री धाकट्या बहिणीचा न्यू जर्सीहून मेसेज आला. सोबत एका चौकोनी ठोकळ्याचा फोटो. "दादा, हे नेक्स प्लेग्राउंड. टीव्हीला जोडायचं आणि समोर उभं राहून खेळायचं, हातात काही धरायचं नाही. पोरं दिवसभर आयपॅड घेऊन लोळतात, म्हणून घ्यावं म्हणते. २४९ डॉलर. जास्तीचे गेम पाहिजेत तर वर्षाची वर्गणी वेगळी. तुझ्या दुकानात होता तसलाच कॅमेरा ना हा? घेऊ का?"

"सकाळी सांगतो" असं लिहून झोपलो. सकाळी चहा घेत लिहायला बसलो तर उत्तर संपेना. 'तसलाच कॅमेरा ना' या तीन शब्दांनी घोळ केला. तो कॅमेरा, मायक्रोसॉफ्टचा कायनेक्ट, म्हणजे माझ्या आयुष्यातली सगळ्यात हौसेनं केलेली आणि सगळ्यात कमी हिशोब करून केलेली खरेदी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २००७ ते २०१५ कोल्हापुरात राजारामपुरीत माझं गेम पार्लर होतं. मेन रोडपासून दोन गल्ल्या आत, दहा बाय चौदाचा गाळा, वर अर्ध्या भागात पोटमाळा. चार प्लेस्टेशन टू (सोनीचं टीव्हीला जोडायचं गेम कन्सोल), चार जुने टीव्ही, प्लॅस्टिकच्या आठ खुर्च्या. माणशी वीस रुपये तास. नंतर पुण्याच्या मेहुण्याच्या ओळखीनं मायक्रोसॉफ्टचं कन्सोल, एक सेकंडहँड एक्सबॉक्स ३६० आला, त्याचे तीस. पोरं शाळा सुटली की यायची, दप्तरं खुर्चीखाली सारायची आणि 'मालक, अजून अर्धा तास' म्हणत अंधार पडेपर्यंत बसायची. बसायची, हा शब्द लक्षात ठेवा. पुढं कामाला येणार आहे.

कॅमेऱ्याचा नाद मला आधी लागला तो सोनीच्या आयटॉयमुळं. तिकडं तो २००३ मध्ये निघाला होता. माझ्याकडं २००८ मध्ये, जुन्या बाजारातून नऊशे रुपयांत. टीव्हीवर ठेवायचा, वायर प्लेस्टेशनच्या यूएसबीत घालायची, की टीव्हीत तुम्ही स्वतःच दिसता आणि तुमच्या अंगावर कुंग-फूवाले उड्या मारतात. हातानं हाणायचं. दुसऱ्या एका खेळात काच धुवायची. समोर साबणाचा फेस, आणि तुम्ही हवेत हात फिरवून तो पुसायचा. एकदा एक काकू पोराला न्यायला आल्या, दाराशी थबकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काचा घरी पुसतेच की मी फुकट. इथं वीस रुपये देऊन पुसताय?" हसून हसून सगळ्यांच्या मॅच थांबल्या. काकूंनी मग पुसल्याही. पहिल्या नंबरनं.

आयटॉयची अक्कल तशी बेताचीच होती. मागच्या क्षणाचं चित्र आणि आत्ताचं चित्र यांत फरक कुठं पडला एवढंच तो बघायचा. फरक पडला म्हणजे तिथं हात हलला. मग तो हात असो, पडदा असो नाहीतर मागून चहा घेऊन आलेला पोऱ्या असो. त्याला उजेडही भरपूर लागायचा. कमी पडला की तोंडावरचा लाल दिवा मिचकवायचा. २००८ चं भारनियमन आठवतंय ना? आमच्या भागात वेळापत्रक ठरलेलं, इन्व्हर्टरवर दोन टीव्ही आणि एक ट्यूबलाइट. त्या ट्यूबच्या उजेडात आयटॉय नुसता लाल डोळा मारत बसायचा. पण नऊशे रुपये होते. सहा आठवड्यांत फिटले आणि पुढची सगळी कमाई वरकड.

तेच गणित डोक्यात धरून मी पुढची उडी मारली.

जून २००९ मध्ये अमेरिकेतल्या ई-थ्री या व्हिडिओगेमच्या मेळ्यात मायक्रोसॉफ्टनं 'प्रोजेक्ट नताल' दाखवला. तेव्हा मी सायबर कॅफेत बसून अडखळत चालणारा तो व्हिडिओ तीन वेळा बघितला. हातात काही नाही, पट्टा नाही, बटण नाही. माणूस उभा राहतो आणि टीव्हीतला माणूस त्याच्यासारखा उभा राहतो. पुढं त्याचं नाव कायनेक्ट झालं, एक्सबॉक्सला जोडायचा कॅमेरा. ४ नोव्हेंबर २०१० ला अमेरिकेत विक्रीला आला, दीडशे डॉलरला. पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख नग खपले आणि गिनीज बुकात नोंद झाली. भारतात १८ नोव्हेंबरला आला, ९,९९० रुपयांना.

आता इथं जरा थांबू. तेव्हा डॉलर पंचेचाळीसच्या आसपास होता. म्हणजे दीडशे डॉलरचे पावणेसात हजार. वरचे सव्वातीन हजार आयात, कर, वाहतूक वगैरे. त्याबद्दल तक्रार नाही, परदेशी मालाचं तेव्हा तसंच होतं. मला खटकायला हवी होती ती वेगळी गोष्ट. अमेरिकेत तेव्हा चार जीबीचा नवा एक्सबॉक्स दोनशे डॉलरला मिळत होता. म्हणजे गाईची किंमत दोनशे आणि गळ्यातल्या घंटेची दीडशे. घंटा इतकी महाग असेल तर ती वाजवून दूध वाढतंय का, हे आधी बघायला नको? नाही बघितलं. शिवाय दिवाळी ५ नोव्हेंबरला होऊन गेली होती, सुट्टीही संपत आली होती. कॅमेरा इथं आला तो शाळा सुरू व्हायच्या बेतात. हेही नाही बघितलं.

डिसेंबरात पुण्याला जाऊन घेऊन आलो. बरोबर एक गेम फुकट होता, नदीत तराफ्यावरून उड्या मारायचा वगैरे. दुसरा स्पोर्ट्सचा गेम दोन हजारांच्या आसपास. एसटीत खोकं मांडीवर घेऊन बसलो होतो, कराडपर्यंत शेजारच्या आजोबांना वाटत होतं देव्हारा आहे.

माझा एक्सबॉक्स जुन्या घडणीचा होता. नव्या एक्सबॉक्सला कायनेक्टसाठी खास खाच होती, वीज तिथूनच मिळायची. जुन्याच्या साध्या यूएसबीला तेवढी वीज पुरवणं जमत नव्हतं, कारण आत मान वरखाली करायला मोटर, एक साधा कॅमेरा, एक इन्फ्रारेडचा, शिवाय लेझर आणि चार मायक्रोफोन. म्हणून सुट्या कायनेक्टबरोबर एक अडॅप्टर यायचा. एक टोक भिंतीतल्या प्लगमध्ये, एक यूएसबीत, एक कॅमेऱ्याला. एक्सबॉक्सबरोबर जोडीनं घेतला तर हा अडॅप्टर मिळायचा नाही. मी तेव्हा त्या वायरीकडं बघितलंसुद्धा नाही. आज सांगतो, त्या खोक्यात सगळ्यात मोलाची वस्तू तीच होती.

जोडणी झाली. टीव्हीवर सूचना आली: मागं सरका. सरकलो. अजून मागं. सरकलो. पाठ भिंतीला लागली. एकट्यानं खेळायला कॅमेऱ्यापासून सहा फूट, दोघांना आठ. गाळा चौदा फुटांचा खरा, पण टीव्हीचं टेबल अडीच फूट, समोरच्या भिंतीला दोन प्लेस्टेशनांची टेबलं आणि त्यांच्या खुर्च्या. कॅमेऱ्याला सबंध माणूस दिसायला पाहिजे, पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत. खुर्चीत बसलेला माणूस त्याला माणूस वाटायचाच नाही. बसलेल्या माणसाचा सांगाडा ओळखायची सोय मायक्रोसॉफ्टनं विंडोजसाठी दिली तीसुद्धा २०१२ मध्ये.

मग दोन प्लेस्टेशन उचलून पोटमाळ्यावर टाकली.

आणि पंखा. छताचा पंखा पोटमाळ्याच्या कडेला, जमिनीपासून जेमतेम साडेसात फुटांवर. एरवी कुणाचा हात लागायचा प्रश्न नव्हता, सगळे बसलेले. पहिल्याच रविवारी कॉलेजचा एक उंच पोरगा बीच व्हॉलीबॉल खेळताना स्मॅश मारायला उडाला. ठण्ण असा आवाज आला. तीन बोटं सुजली, नशिबानं तुटली नाहीत. शेजारच्या डॉक्टरांकडं नेलं, पट्टी केली, तर पोरगा म्हणतो, "मालक, पॉइंट मिळाला का बघा की!" मिळाला होता. संध्याकाळी पंखा काढला आणि भिंतीवरचा फिरता आणला, अकराशे रुपये. फरशीवर पाय घसरू नये म्हणून चटई, आठशे. माझ्या वहीत आजही तो महिना आहे: कॅमेरा ९,९९०, गेम २,०००, पंखा १,१००, चटई ८००, पुण्याचं जाणं-येणं वेगळं. चौदा हजार धरा.

पण खरा खर्च त्या वहीत लिहिलेलाच नाही. पोटमाळ्यावर गेलेली ती दोन प्लेस्टेशन. एकेकावर दोघं, माणशी वीस, दिवसाला पाच तास तरी चालायची. म्हणजे रोजचे चारशे रुपये मी जमिनीचा एक मोकळा तुकडा तयार करायला घालवले. कॅमेऱ्याच्या खोक्यावर जागेची किंमत छापलेली नसते. सिअॅटलच्या बाजूला ज्यानं तो घडवला त्याच्या घरी हॉल असणार, हॉलमध्ये सोफा असणार, सोफा सरकवला की आठ फूट. माझ्याकडं सरकवायला होतं ते म्हणजे माझं उत्पन्न.

दर ठेवला अर्ध्या तासाला साठ रुपये, एकटा खेळा नाहीतर दोघं. पहिला महिना नाद खुळा! दाराबाहेर चपलांचा ढीग. आयुष्यात कधी पार्लरची पायरी न चढलेली माणसं आली. शेजारचे टेलरकाका बोलिंग खेळले, गळ्यातला टेप तसाच. नवरात्रात दांडिया शिकवणाऱ्या ताई डान्सच्या गेमला आल्या. माझी आई एकदा दुपारी येऊन त्या तराफ्यावर उभी राहिली आणि तराफा डावीकडं गेला की "अगंबाई" म्हणत मला धरायला लागली. आईच्या साडीनं मात्र कॅमेरा गोंधळायचा. दोन पाय वेगळे दिसले नाहीत की गुडघे कुठले आणि घोटे कुठले याचा त्याला पत्ता लागायचा नाही, टीव्हीतल्या बाईचे पाय वेडेवाकडे व्हायचे. यामागचं कारण मला पुढं एका विद्यार्थ्यानं समजावलं, ते सांगतोच.

दुसऱ्या महिन्यापासून ओहोटी. आधी वाटलं नव्याची नवलाई संपली. मग फेब्रुवारीत वर्ल्ड कप सुरू झाला, तेव्हा वाटलं त्याच्यामुळं. २ एप्रिलला धोनीनं सिक्सर मारला, वर्ल्ड कप संपला, तरी गिऱ्हाईक येईना. मे महिन्याच्या सुट्टीत थोडं वाढलं, जूनमध्ये परत खाली. खरं कारण मला टेलरकाकांनी सांगितलं. ते म्हणाले, "अरे, तुझा धंदा खुर्चीचा. तू खुर्ची काढलीस."

अगदी बरोबर. प्लेस्टेशनवर पोरगं तीन तास बसतं, कारण त्याची फक्त बोटं हलतात. कॅमेऱ्यासमोर ते वीस मिनिटांत घामाघूम होतं, पाणी मागतं, भिंतीला टेकतं, आणि उरलेली दहा मिनिटं मित्राला देतं. कुणी सलग दुसरा अर्धा तास घेत नाही. तासावर पैसे घेणाऱ्या दुकानात दमवणारा खेळ ठेवणं म्हणजे खानावळीत दारातच ताक पाजण्यासारखं. घरी हा कॅमेरा घेणाऱ्याला तेच पाहिजे असतं, पोरानं दमावं. मला ते नको होतं. वस्तू तीच, पैसे मोजणारा वेगळा.

शिवाय पोरांचा एकच प्रश्न. "मालक, क्रिकेट कुठाय ह्यात?" फुटबॉल होतं, बॉक्सिंग होतं, टेबल टेनिस होतं, भालाफेकसुद्धा होती. क्रिकेट नाही. कोल्हापुरात फुटबॉलची तालमींची परंपरा आहे म्हणून चार दिवस ते चाललं, पण फ्री किक आणि हेडर एवढ्यावर पेठेतली पोरं किती दिवस समाधान मानणार? कॅमेऱ्यावरचं क्रिकेट आलं ते सोनीच्या बाजूनं. २०१२ मध्ये ट्राईन या मुंबईच्या स्टुडिओनं मूव्ह स्ट्रीट क्रिकेट काढलं. सोनीची रीत मला डोक्यानं जास्त आवडली. हातात एक दांडी, तिच्या टोकाला पेटता रंगीत गोळा. कॅमेरा साधाच, प्लेस्टेशन आय नावाचा, तिकडं चाळीस डॉलरला मिळणारा. तो फक्त त्या गोळ्याकडं बघतो. गोळा मोठा दिसला म्हणजे हात जवळ, लहान दिसला म्हणजे लांब. झालं काम. कॅमेरा स्वस्त ठेवला आणि खूण माणसाच्या हातात दिली. त्याच्याही आधी निन्टेंडोच्या 'वी' या कन्सोलनं तर कॅमेराच रिमोटमध्ये घातला होता. टीव्हीवर ठेवायची ती 'सेन्सर बार' नावाची पट्टी म्हणजे नुसते दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे. पट्टी बिघडली तर दोन मेणबत्त्या लावूनही खेळता येतं. हे मी दुकानात करून दाखवल्यावर पोरं मला आठवडाभर शास्त्रज्ञ म्हणत होती. (बायकोनं पडदे किती जवळ आहेत ते दाखवलं आणि प्रयोग बंद झाला.)

तर २०११ च्या ऑगस्टात, पावसात, रिकाम्या गाळ्यात मी बसलेलो असताना इंजिनिअरिंगचा एक पोरगा आला. भिजलेला, पाठीवर लॅपटॉपची बॅग. मला वाटलं खेळायला. तो म्हणाला, "काका, तुमच्याकडं कायनेक्टचा तो पॉवरचा अडॅप्टर आहे का? पीसीला जोडायला लागतो." मी म्हटलं, कायनेक्ट पीसीला? त्यानं तिथंच दारात उभं राहून मला गोष्ट सांगितली.

ज्या दिवशी कायनेक्ट बाजारात आला, त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या ॲडाफ्रूट या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी जाहीर केलं की याची माहिती संगणकावर वाचून दाखवेल आणि तो प्रोग्राम सगळ्यांना खुला करेल त्याला हजार डॉलर. मायक्रोसॉफ्ट नाराज झाल्याची बातमी आली, यांनी बक्षीस वाढवून दोन हजार केलं, मग तीन. सहाव्या दिवशी, १० नोव्हेंबरला, हेक्टर मार्टिन नावाच्या स्पॅनिश तरुणानं ते करून दाखवलं. पुढं जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनंही स्वतःचं सॉफ्टवेअर संशोधकांना दिलं. "काका, असला डेप्थ कॅमेरा आधी लाखात यायचा. आता दहा हजारात. पण आमच्या ग्रुपकडं दहा हजार नाहीत."

डेप्थ कॅमेरा म्हणजे काय हे त्यानं मला दाखवलं. लग्नाच्या शूटिंगवाल्या मित्राचा नाईटशॉटवाला, म्हणजे अंधारातलंही टिपणारा हँडीकॅम मागवला, शटर ओढलं, दिवे बंद केले आणि हँडीकॅमच्या स्क्रीनवर बघितलं. माझा अख्खा गाळा ठिपक्यांनी भरला होता. भिंती, टेबल, चटई, त्या पोराचं तोंड. लग्नात अक्षता उडतात आणि क्षणभर हवेत थांबल्यात असं वाटावं, तसे हजारो पांढरे ठिपके. आठ महिने तो कॅमेरा माझ्या दुकानात रोज हे फेकत होता आणि मला दिसलं नव्हतं.

हे तंत्र प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचं. कॅमेरा डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडात ठिपक्यांची एक ठरलेली नक्षी फेकतो. समोरची वस्तू जवळ की लांब यावरून ठिपके जागचे सरकतात, आणि सरकले किती यावरून अंतर कळतं. म्हणून अंधारातही चालतो, त्याचा उजेड त्याच्याजवळ. आणि म्हणूनच चार वाजता पश्चिमेचं ऊन शटरमधून आत आलं की माझा कॅमेरा आंधळा व्हायचा, उन्हातला इन्फ्रारेड त्या ठिपक्यांना गिळून टाकायचा. मी दोन महिने वायर हलवून बघत होतो!

हे झालं अंतर. त्यातून माणूस ओळखायचं काम मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजच्या संशोधकांनी केलं. शरीराचे एकतीस भाग पाडले, कॉम्प्युटरवर तयार केलेली असंख्य शरीरं दाखवून प्रोग्रामला शिकवलं की हा ठिपक्यांचा पुंजका म्हणजे कोपर, हा म्हणजे मान. त्यावरून वीस सांध्यांचा सांगाडा, सेकंदाला तीस वेळा. सहा माणसं दिसतात, खेळता येतं दोघांना. आईचे पाय का बिघडायचे ते मला तेव्हा कळलं. त्या असंख्य शरीरांत नऊवारी तर सोडाच, पाचवारी नेसलेलंही एखादं असेल असं मला वाटत नाही.

त्या पोराला मी अडॅप्टर एकटा दिला नाही, अख्खा कॅमेराच दिला. भाडं दिवसाला तीनशे, डिपॉझिट तीन हजार. आठवडाभरानं परत आला, आणि मागं दुसरा ग्रुप. जानेवारी ते एप्रिल हा फायनल इयरच्या प्रोजेक्टचा मोसम. त्या पहिल्या मोसमात माझा कॅमेरा कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी असा सत्तावन्न दिवस बाहेर होता. वहीत आहे: सतरा हजार शंभर. चौदा हजार चार महिन्यांत वसूल, आणि गाळ्यातली जागा मोकळी. दोन्ही प्लेस्टेशन पोटमाळ्यावरून खाली आली. टेलरकाका म्हणाले, "आता कसं दुकान दिसतंय."

त्या ग्रुपांनी काय काय केलं! हाताच्या इशाऱ्यावर चालणारी गाडी तर तीन ग्रुपांनी केली. मूकबधिरांच्या खुणा ओळखणारा प्रोग्राम एकांनी केला, त्यात बोटं नीट दिसत नाहीत म्हणून हाताच्याच खुणांवर भागवलं. टोरांटोच्या एका हॉस्पिटलात सर्जन ऑपरेशनच्या मध्ये हात न लावता कायनेक्टसमोर हात हलवून स्कॅन बघतात हे वाचून एकांनी तसलं केलं. धुतलेले हात परत बटणाला लावायला नकोत, हा उपयोग मला सगळ्यात पटला. आणि एक ग्रुप होता साडीचा. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, टीव्हीत तुमच्या अंगावर साडी दिसणार, पदर डाव्या खांद्याच्या सांध्याला बांधलेला. महाद्वार रोडच्या दुकानदारांना विकायची स्वप्नं. परीक्षेला बाहेरून आलेले सर खूश झाले, गिरकी घेऊन पाठ बघायला वळले. आता त्या कॅमेऱ्याला पाठ आणि पोट यांतला फरक कळत नव्हता, समोर आहे तो आपल्याकडं तोंड करूनच उभा आहे असं तो धरून चालायचा. वळल्याबरोबर पदर सटकन डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेला. सर म्हणाले, "अरे, मला गुजराती केलंत की!" मार्क चांगले मिळाले म्हणे.

पुढची हकिगत थोडक्यात. २०१३ च्या नोव्हेंबरात नवा एक्सबॉक्स वन कायनेक्टसकट ४९९ डॉलरला आला. सोनीनं प्लेस्टेशन फोर ३९९ ला आणला आणि कॅमेरा वेगळा ठेवला, पाहिजे त्यानं साठ डॉलर द्यावेत. नवा कायनेक्ट जास्त हुशार होता, ठिपक्यांऐवजी उजेडाला जाऊन परत यायला किती वेळ लागला ते मोजायचा. पण गिऱ्हाइकानं शंभर डॉलरचा फरक बघितला. वर हॉलमध्ये सतत जागा कॅमेरा आणि कान टवकारलेला माइक कशाला, ही कुरबुर सुरू झालीच होती. सहा-सात महिन्यांत मायक्रोसॉफ्टनं कॅमेरा काढून ३९९ ची पेटी विकायला घेतली. सप्टेंबर २०१४ मध्ये एक्सबॉक्स वन भारतात आला तेव्हा दोन भाव होते, बिनकॅमेऱ्याचा ३९,९९० आणि कॅमेऱ्यासकट ४५,९९०. सहा हजारांचा फरक. माझ्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांनी ज्यांनी घेतला त्यांतल्या एकानंही ते सहा हजार वर दिले नाहीत. काहींनी त्यात अजून दोन गेम आणले.

२०१७ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टनं सांगितलं की कायनेक्ट बनवणं बंद केलंय. आणि नोव्हेंबरच्या ३ तारखेला आयफोन टेन दुकानात आला, जो तोंड बघून उघडतो. तोंडावर तीस हजार अदृश्य ठिपके टाकून. प्राइमसेन्स ॲपलनं २०१३ मध्येच विकत घेतली होती. माझ्या भाचीनं तो फोन पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी तिला म्हटलं, हे ठिपके मी राजारामपुरीत बघितलेत. तिला वाटलं मामाचं काहीतरी नेहमीचं.

हल्ली कन्सोलचे कॅमेरे मिळतात, पण ते हात-पाय बघायला फारसे नसतातच. प्लेस्टेशन फाइव्हचा साठ डॉलरचा कॅमेरा खेळणाऱ्याचं तोंड प्रेक्षकांना दाखवायला. निन्टेंडोच्या स्विच टूचा पंचावन्न डॉलरचा मुख्यतः खेळता खेळता मित्रांशी गप्पा मारायला. दोन्ही बसलेल्या माणसासाठी. खुर्ची जिंकली म्हणायची.

माझा कायनेक्ट अजून आहे, कपाटावर, मूळ खोक्यात. अडॅप्टर नाही. २०१५ मध्ये दुकान बंद करताना शेवटच्या ग्रुपनं कॅमेरा परत दिला आणि वायर विसरले, डिपॉझिट मी तोवर देऊन बसलो होतो. पुण्या-मुंबईत कुठं मिळाला तर बघतो अजून.

हे सगळं सकाळी बहिणीला व्हॉइस नोटमध्ये सांगायला लागलो आणि अकराव्या मिनिटाला लक्षात आलं की तिनं विचारलं होतं 'घेऊ का'. मग साधं लिहिलं: तुझ्या त्या ठोकळ्यात ठिपके-बिपके नसणार, साधाच कॅमेरा असतो, माणूस ओळखायचं काम आतला प्रोग्राम करतो. २४९ चं सोड, वर्गणीचा आकडा दोन वर्षांचा धर. पोरं दमणार हे नक्की. आणि आधी टेप घेऊन हॉल मोज.

अर्ध्या तासात उत्तर. "हॉल सोळा बाय बावीस. खाली बेसमेंट वेगळं, रिकामंच असतं."

माझा अख्खा गाळा दहा बाय चौदा होता.

"मग घे," म्हटलं. "छताला पंखा आहे का तेवढं कळव."